म्हाताऱ्यांचा वेगळा डॉक्टर कधीपासून आला?

मागच्या मे महिन्यात, नागपूरचं ऊन तर माहीतच आहे, सासरे बाथरूममधून येताना धाडकन पडले. वय ८१. जवळच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले वय झालं आता, अशक्तपणा आहे, अन् लावली सलाईन. आठ दिवसांनी परत पडले.

मग धंतोलीत एका तरुण डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या आधी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. अकरा प्रकार निघाले बाप्पा! त्यात बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावानं, वरून लघवीची गोळी, तीही भर उन्हाळ्यात. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, त्यात हे पाणी काढणारं औषध. त्यांनी बीपी आधी झोपवून घेतलं, मग उभं करून, तर वरचा आकडा ३० नं खाली. २० नं उतरला तरी धोका मानतात म्हणे. म्हणजे उठलं की बीपी एकदम उतरायचं, म्हणूनच पडत होते. दोन गोळ्या बंद केल्या अन् पडणं थांबलं.

तेव्हा डोक्यात आलं की हे शिकवतात कुठं, अन् आधीच्यांना का नाही शिकवलं?

शोधलं तर गोष्ट ‘वय झालं’ याच वाक्यापासून सुरू होते. इग्नाट्झ नॅशर म्हणून न्यूयॉर्कचे डॉक्टर, ते विद्यार्थी असताना एका म्हातारीच्या तक्रारीवर त्यांचे सर म्हणाले हे म्हातारपण आहे, काही करता येत नाही. ते त्यांना खटकलं. लहान मुलांचं वेगळं शास्त्र आहे तर म्हाताऱ्यांचं का नको, म्हणून १९०९ मध्ये त्यांनी ‘जेरियाट्रिक्स’ हा शब्दच काढला. शब्द आला, पण शिकवणारं कोणी नव्हतं.

खरं काम लंडनजवळ मार्जरी वॉरेन या बाईंनी केलं. १९३५ मध्ये त्यांच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या गरीबखान्याचे ७१४ पेशंट आले, त्यातले कित्येक वर्षानुवर्षं खाटेवर पडलेले, कोणी नीट तपासलेलंच नाही. बाईंनी एकेकाला तपासलं, उठवलं, चालवलं आणि बरेच जण चक्क घरी गेले. मग त्या लिहीत राहिल्या की ही वेगळी शाखा करा, मेडिकलच्या पोरांना शिकवा.

आपल्याकडे १९५१ ला साठीच्या वरचे जेमतेम दोन कोटी, घाई कोणाला असणार? २०११ च्या जनगणनेत तो आकडा १०.३८ कोटी झाला. मद्रासला १९७८ मध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्यांची ओपीडी काढली आणि या विषयातली एमडी तिथंच १९९६ मध्ये सुरू झाली, म्हणजे नॅशरच्या शब्दानंतर ८७ वर्षांनी. २०१०-११ मध्ये केंद्राचा ज्येष्ठांच्या आरोग्याचा कार्यक्रम आला, त्यात आठ प्रादेशिक केंद्रं, महाराष्ट्राचं मुंबईत जेजेला. नागपूरहून रेल्वेनं ८०० किलोमीटरच्या वर! विदर्भातल्या म्हाताऱ्यानं जायचं कसं हे कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात मेडिसिनमध्ये याचा वेगळा भाग आहे, म्हणून आताच्या पोरापोरींना किमान पडणं, विसरणं, गोळ्यांचा ढीग हे विचारायचं कळतं. जुन्यांचा काही दोष नाही म्हणा, त्यांना म्हाताऱ्यांचं वेगळं काही शिकवलंच नव्हतं.

पण डॉक्टर दहा मिनिटं बघतो, बाकी दिवसभर कोण असतं? पेशंट सांभाळायला ब्युरोतून येणारी मावशी. आमच्याकडच्या मावशींना कोणीच काही शिकवलं नव्हतं, त्या पेशंटला हात धरून सरळ उभं करायच्या. डॉक्टरीणबाईंनी तिथंच त्यांना दाखवलं, आधी पलंगाच्या कडेला बसवा, पाय खाली सोडा, दोन मिनिटं थांबा, मग उठवा. आता सासरे जरा हलले की स्वयंपाकघरातून आवाज येतो, “बाबा, थांबा ना, उठून नका राहू, पाय हलवा आधी!”