तलफ अंगातून आलीय की टपरीवरून, आधी ते बघ भो

मेडिकलच्या काउंटरवर बसलं की सिगरेट सोडणारे दोन टाईपचे लोक दिसतात. एक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो, चिडलेला, डोकं दुखतंय म्हणून गोळी मागतो, आणि निकोटिनचं गम दाखवलं की म्हणतो नको नको, मी मनाने पक्का आहे, औषधाचा टेकू नको. दुसऱ्याला सोडून तीन-चार महिने झालेले, सगळं मस्त चाललेलं, आणि एक दिवस हळूच येऊन विचारतो भो ते गम आहे का, अंगातलं निकोटिन अजून गेलेलं दिसत नाही. दोघांचं उलटं झालंय. गमची खरी गरज पहिल्याला आहे आणि दुसऱ्याच्या अंगातलं निकोटिन केव्हाच संपलेलं आहे.

पहिल्याची तलफ अंगाची आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी अर्धं होतं, म्हणून तर ओढणाऱ्याचा हात तास-दीड तासाने खिशाकडे जातो आणि रात्रभर झोपून उठल्यावर पहिली सिगरेट सगळ्यात गोड लागते. सोडली की पहिल्या दिवसातच चिडचिड सुरू होते, दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आणि मग उतरत उतरत दोन ते चार आठवड्यांत बहुतेक संपतं. यात नुसती ओढायची इच्छा नसते, कामात लक्ष लागत नाही, झोप मोडते, सारखी भूक लागते, पोट साफ होत नाही, उगाच उदास वाटतं, आणि घरचे म्हणतात यापेक्षा ओढत होता तेच बरं होतं. ही तलफ जागा बघत नाही. तू टपरीवर बस, शेतात जा, घरी कूलरसमोर पडून रहा, ती सकाळपासून मागेच असते.

हिला निकोटिनच पाहिजे असतं, धूर नाही, म्हणून गम आणि अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी हिच्यावर चालतात. पट्टी दिवसभर हळूहळू निकोटिन सोडते, गम अडल्या वेळेला. पण आपल्याकडे गम बबलगमसारखं चावतात, ते निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि मग म्हणतात बकवास आहे. हळू चावायचं, तिखट झिणझिण लागली की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, चव गेली की परत दोन-चार वेळा चावायचं, असं अर्धा तास. निकोटिन तोंडातूनच शोषलं जातं त्यामुळे गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना काही खायचं-प्यायचं नाही. आणि लोक काय करतात, एका हातात कटिंग आणि तोंडात गम. कसं लागणार? उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली लागायची त्याला २ मिलिग्रॅमचं गम बऱ्याचदा पुरत नाही, ४ चं लागतं, ते डॉक्टरला विचारून घे. हार्टचा त्रास असेल, बाई गरोदर असेल तर काहीही डॉक्टरला विचारूनच. आणि सिगरेट सोडून तंबाखू-चुना मळायला लागलेले पण भरपूर आहेत इकडे, त्यांनी काहीच सोडलेलं नाही, फक्त रस्ता बदललाय.

चहाचं अजून एक. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिन भराभर साफ करतं, हे धुराचं काम, निकोटिनचं नाही. धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं, पहिल्यापेक्षा जवळपास दुप्पट साचू शकतं. मग छाती धडधडते, झोप येत नाही, हात थरथरतो आणि माणसाला वाटतं तलफ आली. ती तलफ नाहीच, तो सहावा चहा आहे. पहिले काही आठवडे चहा निम्म्यावर आणून बघ, बऱ्याच जणांची अर्धी अस्वस्थता तिथेच जाते.

आता दुसरी. ही जागेची, वेळेची, माणसांची तलफ. भुसावळहून मुंबईला जाणाऱ्या कुणालाही विचार, गाडीत सिगरेट ओढायला बंदी (बाथरूममधे घुसणारे सोडून द्या), तर माणूस नाशिकपर्यंत आरामात गप्पा मारतो, डबा खातो, झोपतो, आणि कल्याण आलं की चुळबूळ सुरू. शेवटची ओढून किती तास झाले यापेक्षा आता ओढायला मिळणार हे जास्त चावतं. यावर अभ्यासही झालाय, इस्रायलमधे विमानातल्या सिगरेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांवर, २०१० साली छापून आला. काही फेऱ्या ३ ते साडेपाच तासांच्या, काही १० ते १३ तासांच्या. छोट्या फेरीच्या शेवटी तलफ जोरात होती, आणि लांबच्या फेरीत तेवढेच तास उलटले तेव्हा बरीच कमी, कारण उतरायला अजून वेळ होता. निकोटिन तर दोन्हीकडे सारखंच उतरलेलं ना.

म्हणून ही तलफ तीन महिन्यांनी पण येते, आणि माणूस घाबरतो की परत पहिल्यापासून सुरू झालं. आपल्याकडे खानदेशात तिचा सीझन पण ठरलेला आहे. समज एखाद्याने उन्हाळ्यात सोडली, ४५ डिग्रीत तसंही धूर नकोसा होतो, पावसाळा चांगला गेला, टपरीसमोरून रोज जाऊन जाऊन टपरीचं काही वाटेनासं झालं. मग थंडी पडते आणि शेतात भरीत पार्टीचं बोलावणं येतं. पऱ्हाटी म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या पेटवलेल्या, त्यात वांगी टाकलेली, साल काळी पडून तडकतेय, डोळ्यात धूर, कुणीतरी भरीत ठेचायची लाकडी बडगी धुवून आणलीय, कुणी मिरच्या भाजतंय, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी घरून यायच्यात अजून, आणि त्या मधल्या रिकाम्या अर्ध्या तासात सगळे गोल करून उभे राहतात आणि पाकीट फिरतं. दर वर्षी याच अर्ध्या तासात ओढलेली असते. टपरीची सवय मोडली असली तरी या जागेची मोडलेलीच नाही, कारण सोडल्यापासून ही जागा आलीच नव्हती. त्यामुळे पहिलं वर्ष असंच जातं, पहिली भरीत पार्टी, पहिली लग्नसराई, रात्री केळीची गाडी भरतानाचा पहिला सीझन, प्रत्येक ठिकाणी एकदा नव्याने येते आणि न ओढता तिथून परत आलं की पुढच्या वेळी तिचा जोर कमी होतो. नुसते दिवस जाऊन ती जात नाही, त्या जागी न ओढता उभं राहिल्यावरच जाते.

इथे गमचा फार उपयोग नाही, कारण गमचा असर यायला वेळ लागतो आणि ही लाट बहुतेक वेळा त्याच्या आधीच, पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. पाकीट निघालं की वांगी उलटायला जा, साल सोलायला बस, बडगीत ठेचायचं काम तू घे, हात काळे आणि चिकट झाले की सिगरेट धरताच येत नाही. कुणी म्हणेलच काय भो, एकने काय होतं, त्याच्याशी वाद घालू नको, पाणी आणायला निघून जा.

कोणती आहे ते कळत नसेल तर स्वतःला विचार, आत्ता मी घरी एकटा पडलेलो असतो तर ही आली असती का? हो असेल तर अंगाची, नाही असेल तर जागेची. पहिल्या आठवड्यात दोन्ही एकत्रच असतात, तेव्हा हा प्रश्न विचारत बसू नको, पट्टी किंवा गम पण घे आणि टपरी पण टाळ. फोनवर बोलून मदत पाहिजे असेल तर सरकारची टोल फ्री लाईन आहे, १८००-११-२३५६, बिडीवाल्यांना आणि तंबाखूवाल्यांना पण चालते. फोन केलास तर सोडून किती दिवस झाले आणि तलफ नेमकी कुठे, कोणाबरोबर असताना येते, हे दोन्ही सांग.