इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताय? मग ट्रेलरच्या हुकाचं आधी बोलू
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, जानेवारी २०२६)

२०२५ च्या नोव्हेंबरात टाटांची पेट्रोल-डिझेलची नवी सिएरा आली आणि पाठोपाठ इलेक्ट्रिकही येणार हे कळलं, तेव्हापासून आमच्या भोसरीच्या ट्रेलर बनवणाऱ्या शेडमधला फोन थांबत नाही. प्रश्न एकच: "ईव्ही आली की हुक बसवून द्याल ना? आपला कॅम्पिंग ट्रेलर ओढेल ना ती?" १९९१ ची सिएरा पुण्यातच तयार व्हायची, त्यामुळे इथल्या माणसाचा या नावावर जीव जरा जास्तच. आमचाही आहे. पण प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसला, म्हणून हे पत्रक.

ओढेल का? ओढेल. ताकदीची चिंता सोडा. टाटांचीच हॅरियर ईव्ही घ्या: दोन मोटरींच्या मॉडेलला ५०४ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) आहे, आणि तोही पहिल्या इंचापासून. चढावर थांबलेली गाडी ट्रेलरसकट उचलायला डिझेलवाल्याला क्लचचा वास काढावा लागतो, इथे तसं काही नाही. प्रश्न ताकदीचा नसून कागदाचा आहे. गाडी किती किलो ओढू शकते आणि हुकावर किती किलो भार चालतो, हे दोन आकडे कंपनीने मालकाच्या पुस्तकात छापलेले असले पाहिजेत. परदेशात ते असतात. टेस्ला मॉडेल वायला १,६०० किलो, अमेरिकेतल्या रिव्हियन कंपनीच्या आर-वन-एसला सुमारे ३,५०० किलो. आपल्याकडे गाडी घेताना सनरूफ विचारतात, हा आकडा कोणी विचारत नाही. बुकिंग करताना शोरूममध्ये विचारा, आणि उत्तर लेखी मागा. "साहेब, आरामात ओढेल" हे लेखी उत्तर नव्हे.

आकडा नसेल तर आम्ही हुक बसवणार नाही. धंदा जाईल, जाऊ दे. ईव्हीच्या पोटाखाली बॅटरीचा पाट असतो, त्यामुळे जुन्या जीपसारखं कुठेही भोक पाडून पट्टी ठोकता येत नाही. हुकाचा जोर मागच्या मुख्य दांड्यांवरच गेला पाहिजे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत, आणि अपघात झाला तर विमावाला आधी मागे वाकून बघतो. ट्रेलरसुद्धा कायद्याने वाहनच आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते.

वायरिंगचं एक उदाहरण सांगतो. मागच्या वर्षी एक काका दुसरीकडून हुक बसवून आमच्याकडे आले. ट्रेलरचे दिवे लावायला टेललॅम्पची वायर सोलून त्यावर सरळ जोड मारला होता, वर काळी टेप. नव्या गाड्यांत दिव्यांचं काम कॉम्प्युटर बघतो. त्याला वाटलं शॉर्ट झालंय, आणि डॅशबोर्डवर संक्रांतीच्या हलव्यासारखे रंगीबेरंगी दिवे. वॉरंटीवाल्यांनी टेप बघितली आणि हात वर केले. म्हणून नव्या गाडीत कारखान्यातूनच ट्रेलरचं सॉकेट यावं ही आमची पहिली अपेक्षा. सोबत ‘ट्रेलर मोड’ हवा, म्हणजे रिव्हर्स घेताना मागचा सेन्सर आपल्याच ट्रेलरला भिंत समजून ब्रेक मारणार नाही.

आता रेंज. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण सगळे वजनाला घाबरतात. वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरला जायचं तर चढ साधारण ६५० मीटर. ७०० किलोचा ट्रेलर तेवढा वर न्यायला लागते जेमतेम सव्वा युनिट वीज. मोटरमधली गळती धरून दीड म्हणा. ७५ युनिटच्या बॅटरीत ते काहीच नाही. खरा खाऊ आहे वारा. गाडीपेक्षा उंच, चौकोनी खोकं मागे लावलं की ते ताशी ८० ला छत्री उघडून धावल्यासारखं होतं. आमचा अंदाज सरळ आहे: उंच ट्रेलर असेल तर रेंज निम्मी धरा.

हॅरियर ईव्हीच्या दोन मोटरींच्या, ७५ युनिटच्या गाडीला टाटा स्वतः रोजच्या वापरात ४६० ते ४९० किलोमीटर सांगतात. आपण ४५० धरू. ट्रेलर लावून २२५. बॅटरी ९० वरून १५ टक्क्यांपर्यंतच वापरायची, म्हणजे हातात उरले १७० च्या आसपास. पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटर, तेव्हा वाटेत साताऱ्याच्या आसपास एकदा थांबणं आलंच. वेग ८० वरून ६० वर आणलात तर वाऱ्याचा विरोध जवळजवळ निम्मा होतो. घाई नसेल त्याने हे करून बघावं. आणि ट्रेलर घ्यायचाच असेल तर बसका घ्या, छत उचलून उघडणारा. आम्ही दोन्ही बनवतो, उंचवाल्यात आम्हाला पैसे जास्त सुटतात, तरी सांगतोय.

चार्जरवर गाडी नाक खुपसून लावायची पद्धत असल्याने ट्रेलर आधी सोडावा लागतो. पावसात, रात्री दहाला, हे काम एकट्याने करून बघा. पेट्रोलपंपासारखा एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल असा चार्जर कुठे दिसला तर तेवढा आम्हाला कळवा, आम्ही यादी करतोय.

उतरताना एक लक्षात ठेवा. घाट उतरताना मोटर वीज परत भरते आणि ब्रेक वाचतात. पण महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के केलीत, तर सकाळी पसरणी उतरताना ती वीज घ्यायला जागाच नसते. सगळा भार ब्रेकवर, आणि मागून ट्रेलर ढकलतोय. ८० टक्क्यांवर थांबवा.

शेवटचं, जे फुकट आहे आणि कोणी करत नाही. ट्रेलर सामानासकट सपाट जागी लावा. बाथरूममधला वजनकाटा आणा, त्यावर लाकडी ठोकळा उभा करून ट्रेलरचं नाक हुकाच्या उंचीला त्यावर टेकवा. ६०० किलोच्या ट्रेलरला काटा ४० ते ६० किलो दाखवायला हवा, आणि तो आकडा पुस्तकातल्या मर्यादेत बसला पाहिजे. कमी दाखवला तर पाण्याचे कॅन आणि सिलिंडर चाकाच्या मागे ठेवलेत, पुढे सरकवा. नाक हलकं असलं की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो, आणि मग गाडीत ५०४ न्यूटन-मीटर असून उपयोग नसतो.

काटा घरी नसेल तर शेडवर या. आमच्याकडे आहे, जरा गंजलाय, पण खरं बोलतो. सोमवारी बंद.