यीस्टमधून बी-12 मिळतं का?

“शाकाहारी आहात? मिसळीबरोबर दोन स्लाइस जास्त खा, यीस्ट बी-12 तयार करतं.” हा मेसेज आपल्या कोल्हापुरातल्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. यीस्टमध्ये बी गटातली बरीच जीवनसत्त्वं असतातच, त्यामुळे विश्वास बसणं साहजिक आहे. पण बी-12 त्यांत नाही.

वाटीभर कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून बघा. दहा-पंधरा मिनिटांत फेस धरतो. त्यामागे बी-1 असतं. यीस्टची पेशी दोन तुकडे वेगवेगळे घडवून जोडते आणि थायमिन, म्हणजेच बी-1, बनवते. मग एटीपीकडून (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) फॉस्फेटची जोडी घेऊन त्याला लावते. हे झालं बी-1चं सक्रिय रूप, थायमिन पायरोफॉस्फेट. त्याच्या मदतीनेच साखर मोडून झालेल्या पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. मला तर हे फार सुंदर वाटतं.

बी-12च्या मधोमध कोबाल्ट असतो. ते घडवणं फक्त काही जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) यांनाच जमतं. यीस्टला त्याची गरजही पडत नाही.

पडताळायचं तर खाण्याच्या यीस्टचं पाकीट उलटा. बी-12 लिहिलं असेल, तर घटकांत ‘सायनोकोबालामिन’ (बी-12चंच एक रूप) वेगळं घातलेलं सापडेल.

कळकळीने लिहितोय, कारण बी-12ची कमतरता लांबली तर नसांना इजा होते. हातापायांना सतत मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं बी-12 तपासा. शाकाहारात ते दूध-दह्यातून मिळतं.