नजर चुकवली म्हणजे खोटं?

"माझ्याकडे बघून सांग." दप्तरात दुसऱ्याची पेन्सिल सापडली की घरोघरी हे ऐकू येतं. मूल खाली बघतं आणि तिथेच निकाल लागतो. ही समजूत फक्त आपली नाही. ७५ देशांतल्या लोकांना खोटं बोलणारा कसा ओळखायचा असं विचारलं होतं. २००६ साली निष्कर्ष आले, तेव्हा सगळ्यांत जास्त मिळालेलं उत्तर एकच होतं: तो नजर चुकवतो.

त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. २४,००० हून अधिक लोकांनी दुसऱ्याचं बोलणं ऐकून खरं-खोटं ठरवलं होतं. बरोबर आले सरासरी ५४ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० आलेच असते. पोलिसांसारखे या कामात मुरलेले लोकही फारसे पुढे नव्हते.

घाम, अडखळणं, हाताची चुळबुळ ही सगळी भीतीची लक्षणं आहेत, आणि पोलीस ठाण्यात निर्दोष माणूसही घाबरतोच. त्यात आपल्याकडे मोठ्यांसमोर मान खाली घालायची सवय लहानपणापासून अंगी मुरलेली. तिच्यावरून कुणाला चोर ठरवणं हा मला सरळ अन्याय वाटतो. पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्याचं म्हणून वापरलं जाणारं यंत्रसुद्धा श्वास, रक्तदाब आणि घामच मोजतं. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पॉलिग्राफ, नार्को (औषध देऊन अर्धवट गुंगीत प्रश्न विचारणं) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूतल्या लहरी तपासणं) या चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली, ते योग्यच झालं.

मग खोटं पकडायचं कुठे? बोलण्यातल्या मजकुरात. स्वीडनमध्ये मानसशास्त्रज्ञ मारिया हार्टविग आणि सहकाऱ्यांनी ८२ प्रशिक्षणार्थी पोलिसांना लुटुपुटूच्या चोरीतल्या संशयितांची चौकशी करायला लावली. काही संशयितांनी एका दुकानात ठेवलेल्या ब्रीफकेसमधलं पाकीट खरोखर उचललं होतं. काहींचा हात ब्रीफकेसला लागला होता, पण चोरी त्यांनी केली नव्हती. म्हणजे बोटांचे ठसे दोघांचेही. निम्म्या प्रशिक्षणार्थींना आधी तीन तास एकच गोष्ट शिकवली: पुरावा हातचा राखून ठेवा. "तुमचे ठसे मिळालेत" असं आल्याआल्या सांगू नका. आधी माणसाला त्याच्या शब्दांत सगळं सांगू द्या. मग आडून विचारा: दुकानात गेला होता? तिथे ब्रीफकेस दिसली? हात लावलात? ठशांचा विषय त्यानंतर काढा.

चोर इथे अडकतो. पोलिसांना काय माहीत आहे हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो जमेल तेवढं टाळतो. "ब्रीफकेस? मला नाही दिसली." हे वाक्य बोलून गेल्यावर ठसे समोर आले की ते मागे घेता येत नाही. निर्दोष माणूस मात्र आपणहून सांगून टाकतो, "हो, मी ती जरा बाजूला सरकवली होती." लपवायला त्याच्याकडे काही नसतं. प्रशिक्षण घेतलेल्यांचे ८५ टक्के निर्णय बरोबर आले, न घेतलेल्यांचे ५६ टक्के.

मला यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की इथे घाबरलेल्या माणसाची भीती त्याच्या विरुद्ध जात नाही. तो थरथरत, खाली बघत बोलला तरी चालतं. "रिक्षाचे पैसे फोनवरून दिले, घरी पोचल्यावर बहिणीला फोन केला," एवढं त्याने सांगितलं तरी तपासायला पुरेसं असतं.