एसटीपीला फेस आला, वास सुटला, की आधी हे वाचा
(पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायटी कमिट्या, मॅनेजर आणि हाउसकीपिंग सुपरवायझर यांच्यासाठी)

गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर, सोसायट्यांचे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्लँट) सांभाळणाऱ्या आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन येतात. एरेशन टँकवर (हवा देऊन जिवाणूंकडून मैला खाववतात ती टाकी) फेस चढलाय, फ्लशला येणारं पाणी पिवळट आणि वासाचं आहे, ऑपरेटर करतो काय? आम्ही येऊन पाहतो तेव्हा बहुतेक वेळा हवा देणारा ब्लोअर चालू असतो, पंप ठीक असतात, ऑपरेटरही जागेवर असतो. मेलेले असतात ते टाकीतले जिवाणू. त्यांना मारणारा माल सोसायटीच्याच स्टोअररूममध्ये कॅन भरून ठेवलेला असतो.

चूक एकच, पण आमचे आणि तुमचे दोन-तीन आठवडे खाते: मोठ्या सफाईच्या दिवशी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव ब्लीच), अ‍ॅसिड आणि फिनेल एकदम ड्रेनेजमध्ये ओतणं.

हिशेब पाहा. २०० फ्लॅटच्या सोसायटीत माणशी १३५ लिटर धरलं तर रोज साधारण एक ते सव्वा लाख लिटर सांडपाणी येतं. समजा एरेशन टँक ६०,००० लिटरची आहे आणि त्यात लिटरमागे साडेतीन ग्रॅम गाळ, म्हणजे जिवाणूंचा साठा, आहे. म्हणजे टाकीत साधारण २१० किलो जिवंत गाळ. आता १० टक्के क्लोरीनच्या हायपोचा ३५ लिटरचा एक कॅन घ्या. त्यात साडेतीन किलो क्लोरीन असतो, म्हणजे किलोभर गाळामागे १६-१७ ग्रॅम. गाळ फुगून खाली बसेना झाला, की तंतुमय जिवाणू मारायला आम्हीही क्लोरीन देतो. पण किलोमागे २ ते ५ ग्रॅम, तोही दिवसभरात थोडा थोडा करून. वाटेत मैला काही क्लोरीन खातो हे खरं. तरीही एका दमात रिकामा केलेला एक कॅन गाळाच्या गुठळ्या फोडायला पुरतो. वरच्या टाक्या धुतल्यावर ब्लीचिंगचं पाणी सरळ ड्रेनेजला सोडलं, तरी हेच होतं.

अ‍ॅसिडचं दुखणं वेगळं. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना पीएच ६.५ च्या वर लागतो, आणि तेही १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता (आम्ल मारण्याची पाण्याची ताकद) खाऊन टाकतात. राखीव क्षारता आधीच बेताची असते. टाइल्सवरचे सिमेंटचे डाग काढायला आणलेलं अ‍ॅसिड त्यात गेलं की पीएच कोसळतो. हे जिवाणू फार सावकाश वाढतात, म्हणून मेले की भरून यायला २ ते ४ आठवडे लागतात. तोवर अमोनिया तसाच बाहेर पडतो आणि शेवटच्या टप्प्यात, पाणी फ्लशला सोडण्याआधी, आपण टाकलेला क्लोरीन तोच गिळतो. एक भाग अमोनिया-नायट्रोजन पुरता संपवायला व्यवहारात ८ ते १० भाग क्लोरीन लागतो. डोस वाढवूनही फ्लशच्या पाण्याचा वास जात नाही, तो यामुळे.

आणि हायपो नि अ‍ॅसिड एकाच चेंबरमध्ये कधीही ओतू नका. क्लोरीन वायू निघतो. चेंबरवर वाकलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

आम्हाला नेहमी विचारतात, ‘डीफोमर टाकून फेस का घालवत नाही?’ टाकू शकतो. पण डीफोमर फेस बसवतो, फेस करणारं रसायन पाण्यातच राहतं. कमिटीला टाकी साफ दिसते आणि नाल्यात तोच माल जातो, म्हणून आम्ही तो फक्त टाकी ओसंडत असेल तेव्हाच वापरतो. शेण आणि गूळ टाकण्याचा आग्रहही होतो. गूळ म्हणजे जास्तीचं खाद्य. अर्धमेल्या टाकीवर बोजा वाढतो. शेणातून अमोनिया खाणारे जिवाणू पुरेसे मिळत नाहीत. चालत्या प्लँटमधला ताजा गाळ टँकरने आणून टाकीच्या १० ते २० टक्के भरणं, हा उपाय लागू पडतो. त्याचा खर्च आम्ही वेगळा लावतो, कारण तो बिघाड यंत्राचा नसतो.

प्लँट जिवंत ठेवण्यावर आमचा इतका भर का, तेही सांगतो. साबण-पावडरीतलं मुख्य फेसकारी रसायन, लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट, भरपूर हवा असलेल्या टाकीत जिवाणू काही तासांत खाऊन टाकतात. हवाच नसलेल्या, सडलेल्या नाल्यात ते जवळजवळ तसंच राहतं. तुमचं जादा पाणी नाल्याने मुळा, पवना किंवा इंद्रायणीत जातं. पवना दापोडीला मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला. मुळा-मुठाही पुढे भीमेतच. भीमेवर उजनी, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. आळंदीत वारकरी ज्या फेसाळ पाण्यात उतरतात, त्यात कारखान्यांच्या पाण्यासोबत घरांचं सांडपाणीही असतं.

मात्र प्लँटला सगळंच जमत नाही. फॉस्फेट साध्या एरेशन प्लँटमधून बरंचसं निसटतं आणि नदीवरच्या जलपर्णीला खत होतं. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं अर्धवटच निघतात, फिट्सवरचं कार्बामॅझेपीन तर जवळपास जसंच्या तसं बाहेर पडतं. मुदत संपलेल्या गोळ्या कमोडमध्ये टाकू नका. ट्रायक्लोसान असलेले ‘जंतुनाशक’ साबणही टाळा. ते बरंचसं गाळात उतरतं आणि तोच गाळ आपण बागेला घालतो. अमेरिकेने २०१६ मध्ये हात-अंग धुण्याच्या साबणांतून ते काढायला लावलं.

सभासदांना एवढं सांगा: खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, त्याला पावडर कमी लागते. बोअर आणि टँकरच्या जड पाण्याला लागते ते माप नळाच्या पाण्यालाही वापरलं, तर जास्तीची पावडर थेट आपल्या टाकीत येते.

सफाई थांबवा असं आमचं म्हणणं नाही. ती विंगवार वाटून घ्या, एका दिवशी एकच रसायन वापरा आणि उरलेला माल ड्रेनेजमध्ये रिकामा करू नका. टाकी धुतलेलं पाणी सोडण्याआधी ऑपरेटरला आदल्या दिवशी सांगा. चुकून ओतलं गेलंच, तर लपवू नका. आम्ही कोणाचं नाव विचारत नाही. लगेच रॉ सीवेज पंप बंद करायला सांगा, म्हणजे ते पाणी इक्वलायझेशन टँकमध्येच (एरेशनच्या आधीची साठवण टाकी) अडेल. तिथली हवा चालू ठेवली तर बराचसा क्लोरीन मैल्यातच जिरतो. अ‍ॅसिड असेल तर पीएच पेपर ७ दाखवेपर्यंत सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा) विरघळवून घालायचा आणि मग पंप सावकाश चालवायचा. पहिल्या दोन-तीन तासांत कळलं तर टाकी बहुतेक वाचते.

वार्षिक करार असलेल्या सोसायट्यांची स्टोअररूम आम्ही सणांआधी एकदा सुपरवायझरसोबत तपासतो आणि कोणता कॅन कधी, किती वापरायचा याचा तक्ता भिंतीवर लावून देतो. त्याचे पैसे घेत नाही. आम्ही सफाईचा माल विकत नाही, तेव्हा अमुक ब्रँड घ्या असंही सांगणार नाही. करार नसलेल्यांसाठी हीच तपासणी आणि आउटलेटच्या पाण्याचे बीओडी (पाण्यात उरलेल्या सडणाऱ्या घाणीचं माप), अमोनिया व पीएच यांचे रिपोर्ट ठरलेल्या दरात मिळतात.

तक्रारीचा फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा. फेसाचा रंग: पांढरा हलका फेस बहुधा डिटर्जंटचा किंवा गाळ कमी पडल्याचा, तपकिरी चिकट साय तेलकट कचऱ्याची आणि जुन्या गाळाची, काळपट असेल तर हवा कमी पडते आहे. दुसरं, गेल्या ४८ तासांत ड्रेनेजमध्ये काय आणि किती गेलं. तिसरं, एरेशन टँकचं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात अर्धा तास स्थिर ठेवल्यावर गाळ किती मिलिलिटरवर बसला. तो २५० ते ३५० असेल आणि वरचं पाणी नितळ असेल, तर घाईने कोणी यायची गरज नाही.