सी. बी. व हौशी रेडिओ (पुणे परिसर)

सामान्य व्यक्तीला स्वतः चालविता येणाऱ्या दुतर्फा बिनतारी संदेशवहनाच्या दोन भिन्न सेवा : सी. बी. (सिटिझन्स बँड, म्हणजे नागरिकांसाठीचा पट्टा) व हौशी रेडिओ. भारतात २६.९५७–२७.२८३ मेगॅहर्ट्‌झ या सी. बी. पट्ट्यातील, कमाल ५ वॉट शक्तीचे व अंगभूत अँटेनाचे संच २००५ च्या नियमांनुसार विनापरवाना वापरता येतात. हौशी (हॅम) रेडिओसाठी केंद्र शासनाची परीक्षा द्यावी लागते. परवानाधारकाच्या केंद्राची ओळख असलेला बोधसंकेत सामान्यतः व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतो. ट्रेकला नेले जाणारे १४४–१४६ मेगॅहर्ट्‌झचे स्वस्त हॅन्डी (हातसंच) सी. बी.त मोडत नाहीत, ते हौशी पट्ट्यातील असल्याने त्यांना परवाना लागतोच.

पल्ला : वॉट वाढविले की पल्ला वाढतो, हा समज दृढ असला तरी फारसा खरा नाही. शक्ती चौपट केल्यास ग्राहक संचाच्या एस-मापकावर (संदेशाची तीव्रता दाखविणाऱ्या मापकावर) जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. सी. बी.ची तरंगलांबी सु. ११ मी., म्हणजे पाव तरंगाची अँटेना पावणेतीन मीटरची हवी. हातसंचाची अँटेना याहून पुष्कळ आखूड असल्याने बरीच ऊर्जा वाया जाते. पेठांतील दाट वस्तीत संभाषण एक-दोन किमी.पलीकडे क्वचितच टिकते. पल्ल्याचे याहून मोठे आकडे मोकळ्या माळावरचे समजावेत. सौर डाग वाढलेल्या वर्षांत मात्र हेच तरंग आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युत्‌भारित थरावरून) परावर्तित होतात. मग कात्रज घाटापलीकडचा माणूस ऐकू येत नाही, पण हजारो किमी.वरचा येतो.

१४४ मेगॅहर्ट्‌झवर उंची निर्णायक ठरते. रेडिओ-क्षितिजाचे अंतर (किमी.) हे उंचीच्या (मी.) वर्गमुळाच्या सु. ४.१२ पट असते. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. व सिंहगड सु. १,३०० मी. उंच आहे, म्हणजे गडमाथा शहराहून सु. ७४० मी. उंच, त्यामुळे तेथून हे अंतर सु. ११० किमी. भरते. पूर्वेस दौंड-बारामतीकडे सपाटीमुळे हे गणित बरेचसे जुळते. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा आड येतात, तेथे ते कागदावरच राहते. जिल्ह्याबाहेर बोलण्यासाठी ७ मेगॅहर्ट्‌झचा (४० मी.) पट्टा अधिक भरवशाचा, दिवसा तो काहीशे किमी. पोहोचतो, रात्री त्याहून दूर.

इतिहास : अमरेंद्रचंद्र गुप्तू (बोधसंकेत २जेके, १९२१) हे भारतातील पहिले परवानाधारक हौशी मानले जातात. पुण्याची परंपरा १९२७ मध्ये इंग्‍लंडशी बिनतारी सेवा सुरू करणाऱ्या खडकी (प्रक्षेपण) व दौंड (ग्रहण) या केंद्रांपर्यंत मागे नेण्याचा मोह होतो. ती केंद्रे व्यापारी तारसेवेची होती. त्यांना हौशी रेडिओचे पूर्वज म्हणण्यापेक्षा शेजारी म्हणणे अधिक सयुक्तिक. दुसऱ्या महायुद्धात हौशी प्रक्षेपण बंद करण्यात आले.

उपयोग : गप्पा, प्रयोग, स्पर्धा व आपत्कालीन संदेशवहन. भूज भूकंप (२००१) व त्सुनामी (२००४) या वेळी दूरध्वनी ठप्प झाल्यावर हॅम केंद्रे कामी आली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांनी बनविलेला सु. एक किग्रॅ. वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणाने सोडण्यात आला. हौशी पट्ट्यावरून एका ठिकाणचा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणी देणे, हा त्याचा हेतू होता. दिशा राखण्यासाठी त्यात चुंबकांची निष्क्रिय योजना वापरली होती.

जिल्ह्याच्या उत्तरेस खोडद (नारायणगावजवळ) येथे जीएमआरटी ही ४५ मी. व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिचे १५० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासचे निरीक्षण वर सांगितलेल्या १४४–१४६ च्या हौशी पट्ट्याला अगदी लागून असल्याने त्या भागात प्रक्षेपण शक्यतो टाळावे.