खवटपणाशी वैर धरणारी रोझमेरी

आमच्या घरी सध्या सकाळी गॅसवर दोन भांडी चढतात. एक चहाचं, दुसरं रोझमेरी या सुगंधी झुडपाच्या पानांचं. वाळकी पानं पाण्यात उकळायची, गाळायची, स्प्रेच्या बाटलीत भरायची आणि केसांच्या मुळाशी फवारायची. या पाण्याने केस वाढतात, असं सध्या रील्सवर गाजतंय. महिनाभर हे करून बहिणीने मला धरलं, "दादा, तू विज्ञानाचं लिहितोस ना? मग सांग, केस येतात की नाही?"

या सगळ्या गाजावाज्याच्या मुळाशी प्रामुख्याने एकच प्रयोग आहे. २०१५ मध्ये इराणच्या संशोधकांनी टक्कल पडू लागलेल्या १०० जणांचे दोन गट केले. निम्म्यांना रोझमेरीचं तेल, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केस गळतीवर डोक्याला लावायचं औषध. तीन महिन्यांत कोणालाच फारसा फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस थोडे वाढले. थोडे म्हणजे किती? रोझमेरीच्या गटात डोक्याच्या ठरावीक भागातले केस सरासरी १२३ वरून १३० च्या आसपास गेले. नुसतं साधं तेल लावलेला तिसरा गट नव्हताच, त्यामुळे ही वाढ नक्की कशाची हे सांगता येत नाही. आणि मुख्य म्हणजे तिथे तेल वापरलं होतं, उकळलेलं पाणी नाही. पानं उघड्या भांड्यात उकळली की सुगंधी तेलाचा बराचसा भाग वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो. घर छान दरवळतं, बाटलीत मात्र वेगळंच काहीतरी उतरतं.

बहिणीला हे आवडलं नाही. पण रोझमेरीचा गुण शोधायचा तर केसांकडे नाही, पानाकडे बघावं लागतं.

एक पान तोडून उलटं करा. सुईसारखं, कडा खाली दुमडलेल्या, पाठीवर पांढरट लव. चुरडलं की आधी निलगिरी, मग कापूर, मग देवदारासारखा काहीतरी वास येतो. निलगिरीचा भास खोटा नाही, कारण निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक, सिनेओल, इथेही असतो. कापूरही खराच असतो. झुडूप तुळस-पुदिन्याच्या कुळातलं. पूर्वी त्याला स्वतंत्र प्रजातीचा मान होता, २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला साल्व्हिया या दुसऱ्या प्रजातीच्या गोतावळ्यात बसवलं.

सिनेओलमुळे स्मरणशक्तीची कथा पुढे येते. युरोपात रोझमेरी आठवणीचं प्रतीक म्हणून लग्नातही वापरायचे आणि अंत्ययात्रेतही. ऑस्ट्रेलियात आजही २५ एप्रिलला, पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत पडलेल्या सैनिकांसाठी लोक तिची डहाळी छातीवर लावतात. गॅलिपोलीच्या टेकड्यांवर ती रानोमाळ उगवते. इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात २००३ मध्ये १४४ जणांना घेऊन हे तपासलं. रोझमेरीचा वास असलेल्या खोलीत बसलेल्यांची स्मरणाची गुणवत्ता जरा सुधारली, पण आठवायला वेळ जास्त लागला! दहावीच्या पेपरला हा सौदा कितपत परवडेल, मला शंका आहे. २०१२ च्या दुसऱ्या प्रयोगात ज्यांच्या रक्तात सिनेओल जास्त उतरलं त्यांनी आकडेमोड बरी केली. पण माणसं फक्त २० होती.

भीतीच्या दिवसांत तर या झुडपाला सोन्याचा भाव आला. १६०३ च्या प्लेगमध्ये लंडनमध्ये एरवी १२ पेन्सला कवेत मावेल एवढी मिळणारी रोझमेरी मूठभराला ६ शिलिंगला, म्हणजे ७२ पेन्सला, विकली गेली, असं त्या काळच्या एका लेखकाने लिहून ठेवलंय. आजच्या रील्सचा बाजार त्यापुढे काहीच नाही. प्लेग पिसवांमधून पसरतो, वासाने थांबत नाही.

मग खात्रीचं काय आहे? खवटपणा. दिवाळीनंतर महिन्याभराने चिवड्याचा डबा उघडल्यावर नाकात जातो ना, तोच. तेलाच्या एखाद्या रेणूतला हायड्रोजन निसटला की तो रेणू बिथरतो, हवेतला ऑक्सिजन पकडतो आणि शेजाऱ्याचा हायड्रोजन ओरबाडतो. मग शेजारी बिथरतो. अशी साखळी लागते. रोझमेरीच्या पानातलं कार्नोसिक आम्ल आपला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं आणि स्वतः मात्र शांत राहतं. गंमत म्हणजे ते खर्ची पडून त्याचं कार्नोसॉल होतं, तेही हेच काम पुढे चालवतं. दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळपास नाही. म्हणजे जिथे चोर, तिथेच पोलीस. युरोपीय संघाने २०१० मध्ये रोझमेरीच्या अर्काला खाद्यपदार्थांत परवानगी दिली. आयात केलेल्या सॉसेजच्या पाकिटावर 'ई ३९२' दिसलं तर ते हेच. वास काढून टाकलेला अर्क असतो, म्हणून जिभेला कळतही नाही. भूमध्य समुद्राकाठच्या बायका मटणावर रोझमेरी पिढ्यान् पिढ्या टाकत आल्या आहेत, बहुधा चवीसाठीच.

पोट जड झाल्यावर पानांचा चहा घेणं किंवा दुखऱ्या सांध्यांसाठी आंघोळीच्या पाण्यात पानांचा काढा घालणं या जुन्या वापरांना युरोपच्या औषध नियामकांनीही मान्यता दिली आहे, पण 'पारंपरिक' या सदरात. म्हणजे पुष्कळ वर्षांचा वापर आहे, पक्का पुरावा नाही.

बाटलीतलं सुगंधी तेल मात्र पिऊ नका. त्यातला कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी त्यापासून लांबच राहावं. डोक्याला लावायचंच असेल तर मोठ्या चमचाभर खोबरेल तेलात तीन-चार थेंब पुरे. स्वयंपाकातली चार पानं बहुतेकांना चालतात. उकडलेले बटाटे तेलावर परतताना टाकून बघा.

लॅटिनमधल्या नावाचा अर्थ 'समुद्राचं दव'. खडकाळ, कोरड्या किनाऱ्यावर जेमतेम ओलीवर जगणारं हे झुडूप. आमचं पहिलं रोप जुलैत मुळं कुजून गेलं. दुसरं आता पत्र्याखाली ठेवलंय, आणि पाणी घालायचं काम बहिणीकडून काढून घेतलंय.